पालथी शिडी

बोगोता,
मंगळवार, १० मे

प्रिय ओतिलियाताई,

एदेलमिराचा नमस्कार. आम्ही सगळे अजून जिवंत आहोत आणि तिकडे क्विब्दोत तुम्हीही असाल, असं धरून लिहायला बसले आहे. तुझे गुडघे कसे आहेत? इस्पितळाच्या स्वयंपाकघरातली ती भली मोठी पातेली अजून तूच उतरवतेस का? उतरवू नकोस. कुणा तरण्या पोरीला हाक मारत जा.

फोन असताना ही बया पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. त्याला कारण आहे. ते सांगते, पण आधी इकडची खबरबात ऐक.

आम्ही मुक्काम ठोकलेल्या या उद्यानात पाऊस काही थांबत नाही. आमच्याच श्वासाचं पाणी काळ्या प्लास्टिकला आतून धरतं आणि सकाळी पोरांच्या तोंडावर ठिबकतं. माझ्या यार्लेनीचा खोकला मात्र गेला. गेल्या आठवड्यात एर्मेलिनाची सून निलगिरीच्या झाडाखाली बाळंत झाली. मुलगी आहे. तिच्या बेंबीला काय चोळायचं यावरून बायकांत मोठा वाद झाला. गावाकडे असतो तर मुंगीखाऊचं नख जाळून चोळलं असतं आणि पोर त्याच्यासारखी चिवट झाली असती. इथे कुणाचा गुण द्यायचा? एक जण म्हणाली, "ट्रॅफिक पोलिसाचा द्या, जन्मभर दुसऱ्यांना थांबवेल." शेवटी एर्मेलिनाने कबुतराचं हाड जाळून चोळलं. म्हणाली, "आता हिच्यापुढे कुणी काहीही टाकू दे, ही जगेल." आम्ही खूप हसलो.

शुक्रवारी आम्हाला गावी न्यायला सरकारच्या बस येणार आहेत. हे तू रेडिओवर ऐकलं असशील. माझा आवाजही ऐकला असशील. दोन वर्षं मी या एकाच गोष्टीसाठी घसा फोडला आहे. विद्यापीठात, चौकात, मंत्र्यांच्या दारात, पोलिसांच्या ढालींसमोर. प्रत्येक ठिकाणी मी हेच म्हणत आले: आम्हाला बेघर म्हणण्याआधी घर म्हणजे काय ते आमच्याकडून समजून घ्या. तुमच्या हिशेबात ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही तो बेघर. म्हणून तुम्ही आधी प्लास्टिक दिलंत आणि तुमचा हिशेब अर्धा मिटला. मग ते जुनं गोदाम दिलंत आणि तो पुरता मिटला. पण त्या गोदामाला खिडकी नव्हती. आमच्या घरांना भिंती नसतात, कारण नदीवरून कोण येतंय ते आम्हाला झोपल्या जागेवरून दिसायला हवं असतं. तुमच्या चार भिंतींत आमची पोरं तापाने गेली आणि तुमचा रखवालदार दारात बसून आत किती डोकी शिल्लक आहेत ते मोजत राहिला. छप्पर तुमच्याकडेच ठेवा. आम्हाला आमची नदी द्या.

लोक टाळ्या वाजवायचे. काही रडायचे. मी टाळ्यांसाठी बोलत नव्हते, ताई. माझा यातल्या शब्दाशब्दावर विश्वास होता आणि आजही आहे. म्हणूनच पुढचं लिहायला हात धजत नाही.

मध्येच एक विचारते. आई दिवसा कधी शिडी पालथी घालायची का? तू थोरली, तुला जास्त आठवत असेल. मला आठवतं ते असं. बाबांनी एका अख्ख्या खोडाला खाचा पाडून केलेली ती शिडी. दिवस कलला की आई वरून ओरडायची, "एदेलमिरा, शिडी फिरव!" मग मी ती उलटी करायची, खाचा जमिनीकडे आणि गुळगुळीत पाठ वर. मी विसरले की ती म्हणायची, "विसर हां, विसर. कुत्रं येईल, साप येईल, नाही ते येईल वर." सकाळी उठल्यावर पहिलं काम ती परत सुलटी करायची. दिवसा पालथी शिडी मी एकदाच पाहिली, गोवराची साथ आली होती तेव्हा. लोक होडीतूनच शिडीकडे बघायचे आणि न बोलता पुढे जायचे. वर येऊ नका, एवढंच ती सांगायची. कुणाला ते समजावून सांगावं लागत नसे.

तुझं उत्तर नाही आलं तरी चालेल. उत्तर मला माहीत आहे. माझी आठवण चुकते आहे असं कुणीतरी म्हणावं, एवढीच इच्छा होती.

आता सांगते.

रविवारी वाल्देर्रामा डॉक्टर आले. इथे कचेरीतल्या प्रत्येक साहेबाला डॉक्टर म्हणावं लागतं, त्याने कधी सुई हातात धरलेली असो वा नसो. माणूस वाईट नाही. आमच्यासाठी वरिष्ठांशी भांडला आहे. एर्मेलिनाच्या सुनेला त्याने अंगावरची लोकरीची शाल काढून दिली. तो हेलिकॉप्टरने आपल्या मोंगारादोला जाऊन आला होता आणि फार खुशीत होता. दोन झाडांच्या मध्ये पांढरी चादर बांधली, मशीन लावलं आणि आम्हाला फोटो दाखवायला लागला. सगळी माणसं ओल्या गवतावर बसली होती. मी त्याच्या शेजारी उभी, त्याचं बोलणं आपल्या भाषेत सांगायला.

पहिल्या फोटोत नदी होती. ताई, बायका नुसता आवाज काढायला लागल्या, शब्द नाहीत. मग नवी पत्र्याची छपरं. शाळेचा फळा. धान्याची पोती. आणि मग दादा.

आपला आर्नुबियोदादा, आपल्या आईच्या घरात. आम्ही सगळे पळालो तेव्हा घर जागं ठेवायला हवं म्हणून एकटा मागे राहिलेला. मचाणाच्या कडेला पाय सोडून बसला होता, डोक्यावर सरकारी टोपी, शेजारी केळीचा घड. हसत होता. भर दुपारचं ऊन. आणि खाली शिडी पालथी.

मला वाटलं, फोटो उलटा लागला असेल. मग डॉक्टरनेच सांगितलं. "तुमच्या भावाच्या घरात काही मला चढता आलं नाही हो! ती शिडी तुमच्याच लोकांना जमायची. दोनदा घसरलो. आणि हा पठ्ठ्या वर बसून हसतोय, हातसुद्धा देत नाही! गावातल्या तरुण मंडळींनी उचलून धरलं म्हणून वाचलो."

मी विचारलं, "कुठली तरुण मंडळी, डॉक्टर?"

"होती की आठ-दहा जण. फार मदत केली बिचाऱ्यांनी. सामान उतरवलं, फोटोसाठी जागाही त्यांनीच दाखवल्या."

ताई, आपल्या गावची तरुण मंडळी सगळी माझ्यासमोर गवतावर बसली होती. उरलेली मातीत आहेत.

मी हे भाषांतर करायला तोंड उघडलं आणि पुढच्या रांगेतून यार्लेनी मोठ्याने बोलली. आपल्या भाषेत, खणखणीत. "आई, मामाने शिडी पालथी का घातलीय? दिवस आहे ना?"

प्रत्येकाने शिडीकडे पाहिलं. कुणाकुणाला ती आधीच दिसली असेल, पण आता ती सगळ्यांची झाली.

डॉक्टर हसत म्हणाला, "काय म्हणते छोटी?"

मी म्हटलं, "म्हणते, मामा जाड झालाय."

तो खो खो हसला. आणि मग एर्मेलिना हसली. तिच्यामागून सगळ्या बायका हसल्या, पुरुष हसले, म्हातारे हसले. असं हसणं मी कधी ऐकलेलं नाही आणि पुन्हा ऐकायचं नाही. कुणी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मिसाएल भगत, ज्याने तुझा हिवताप उतरवला होता, तो माझ्या पायाशी बसला होता. मान वर न करता पुटपुटला, "भाषण कर, पोरी. लांबलचक कर. यांना तोंड सावरायला वेळ दे."

मी भाषण केलं. परतीचं, नदीचं, पूर्वजांचं. आजवरचं सगळ्यात चांगलं भाषण झालं असं डॉक्टर म्हणाला.

तुला आता कळलं असेल. ज्या बंदूकवाल्यांमुळे आम्ही गाव सोडून पळालो, ते लोक गेलेले नाहीत. त्यांनी बंदुका बाजूला ठेवल्या, साधे कपडे घातले आणि डॉक्टरचं सामान उतरवलं. त्यांना आम्ही परत हवे आहोत. गाव रिकामं असलं की फौजेची विमानं बिनधास्त येतात. आम्ही असलो की ते आमच्या घरांखाली झोपतील आणि वर आमची मुलं असतील. बागेच्या वाटेवरचे सुरुंगही त्यांनी काढलेले नसणार. माझ्या नवऱ्याचं काय झालं त्या वाटेवर, ते तुला पुन्हा सांगायला नको. दादाला त्यांनी फोटोसाठी बसवलं, हसायला लावलं. त्याच्या हातात एकच गोष्ट उरली होती आणि तीच त्याने फिरवून ठेवली. रोज त्या शिडीजवळून जाणाऱ्या त्या माणसांना तिचा अर्थ कळला नाही. बुटासकट जमिनीवर झोपणारा माणूस शिडीची बाजू बघत नाही.

आता माझी अडचण ऐक. आम्ही गेलो तर मुलांना त्यांच्या तोंडी देऊ. आम्ही जात नाही म्हटलं, आणि का जात नाही ते डॉक्टरला सांगितलं, तर संध्याकाळच्या बातम्यांत येईल की फोटोतल्या माणसाने खूण केली. दुसऱ्या दिवशी दादा नदीत असेल.

आणि आणखी एक आहे. महिन्यापूर्वी इथे विल्तोन नावाचा एक जण आला. आपलीच भाषा, नदीच्या खालच्या अंगाचा म्हणतो, पण आई-मामांची नावं विचारली की विषय बदलतो. एकटा, पायात कोरे रबरी बूट. रविवारी सगळे हसले तेव्हा तो थोडा उशिरा हसला. काल सकाळी माझ्या चुलीपाशी मीठ मागायला आला. मी दिलं. जाताना म्हणाला, "ताई, तुझा भाऊ जाड झालाय म्हणालीस. मला तर बारीक वाटला."

मी म्हटलं, "शहरातल्या धुराने तुझे डोळे गेलेत, भाऊ."

"असेल," तो म्हणाला. "माझी आई पण तिकडेच आहे. तिलाही बरेच दिवस पाहिलं नाही."

ही धमकी होती, की तोही माझ्यासारखाच घाबरलेला होता? मी कालपासून हेच वाक्य उलटसुलट करून बघते आहे. मला भीती वाटते, ताई. हे तीन शब्द मी आजवर एकाही भाषणात उच्चारले नाहीत. पोलिसांची लाठी खाताना मला राग येतो, भीती वाटत नाही. ही वेगळी आहे. ही गुळाचं पाणी पितानाही शेजारी बसलेली असते.

म्हणून फोन केला नाही. तूही करू नकोस. होडीवाल्यांबरोबर दादाला काही निरोप पाठवू नकोस, अगदी खुशालीचासुद्धा नको. हे पत्र मणी विकणारी एक बाई तुझ्या हातात देईल. वाचून झालं की मोठ्या चुलीत घाल, तुमच्याकडे तर आग कायम पेटलेली असते.

आज बायकांची बैठक झाली. बैठक म्हणजे सगळ्या मिळून केळी सोलत होत्या. एर्मेलिना म्हणाली, "आपण सांगू, आम्हाला सिमेंटची घरं पाहिजेत, त्याशिवाय जाणार नाही." दुसरी म्हणाली, "सांगू, टीव्ही पाहिजे." तिसरी म्हणाली, "सांगू, इथल्या पोलिसांवर जीव जडलाय." हसून झाल्यावर सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या का बघतायत ते मला कळत होतं. दोन वर्षं परत जायचं म्हणून जिने आरडाओरडा केला, तिनेच नाही म्हटलं तर ते खरं वाटेल. आणि कारण असं हवं, की ऐकणाऱ्याने आमचा तिरस्कार करावा आणि पुढे काही विचारू नये.

काय बोलायचं ते मी ठरवलं आहे. इथे लिहीत नाही. लिहिलं तर शुक्रवारी तोंडातून निघणार नाही.

तुझी,
एदेलमिरा


बोगोता,
शनिवार, १४ मे

प्रिय ताई,

नमस्कार. तू रेडिओ ऐकलास की नाही, माहीत नाही. ऐकला असशील तर माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटून घेण्याआधी हे वाच.

काल बस आल्या. डॉक्टर आला, कॅमेरेवाले आले. मी एका लाकडी पेटीवर चढले आणि म्हटलं, "आम्ही जाणार नाही." डॉक्टरला वाटलं मी काही गंमत करते आहे. मग मी सांगितलं. तिकडे काय आहे? डास, चिखल आणि केळी. इथे हमरस्त्यावर लेकरू मांडीवर घेऊन बसलं तरी दिवसाची सोय होते. मुलांना इथली सवय लागली. आम्हाला शहर आवडलं. रानात परत जाऊन रानटी व्हायची आमची इच्छा नाही.

तो शब्द मी वापरला, ताई. 'रानटी.' आपल्याला हा शब्द म्हणणाऱ्या एका संपादकाला मी भर सभेत माफी मागायला लावली होती, आठवतं? काल तोच शब्द मी माझ्या तोंडाने, आपल्या लोकांसमोर, आपल्या लोकांसाठी वापरला. माझे श्रोते खाली माना घालून उभे होते. सगळ्यांना ठाऊक होतं, तरी मान खाली गेली.

डॉक्टर पेटीजवळ आला. आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "एदेलमिराबाई, दोन वर्षं तुम्ही माझं डोकं खाल्लंत. नदी, नदी, नदी. मी तुमच्यासाठी नोकरी पणाला लावली. तुम्हाला घर नकोच होतं का?"

मला त्याला सांगायचं होतं. इतकं सांगायचं होतं की मी ओठ चावला. मग एवढंच म्हटलं, "आम्हाला खालच्या, उबदार मुलुखात कुठेतरी जमीन द्या. वाहतं पाणी द्या आणि खांब द्या. भिंती आम्हाला नकोत. आम्ही आमचं उभं करू." तो म्हणाला, "आणि मग तिथूनही परत रस्त्यावर येऊन बसाल." कुत्रा फिरवायला आलेली एक बाई ओरडली, "फुकटे!" संध्याकाळी रेडिओवर कुणी म्हणालं की या लोकांना बेघर राहायलाच आवडतं. आता वर्षानुवर्षं कुठल्याही कचेरीत आपला माणूस गेला, की त्याच्या तोंडावर माझं वाक्य फेकलं जाईल. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी पेटीवर चढले.

पण सगळेच थांबले नाहीत. मिसाएल भगत आपलं गाठोडं घेऊन बसपाशी गेला. मी धावले. "बाबा, तुम्ही कुठे?"

तो म्हणाला, "अगं, एकही माणूस गेला नाही तर ते विचार करत बसतील ना, का नाही आला म्हणून. एक म्हातारा मरायला घरी आला, बाकीचे शहराला भुलले. म्हणजे कसं, बरोबर वाटतं." मग हसला. "मला काय बंदूक देणार ते? मला धड काठी धरता येत नाही. आणि आर्नुबियो एकटा आहे."

मी आदल्या दिवशीच दादाला एक पत्र लिहून ठेवलं होतं. कचेरीच्या माणसाकडे द्यायचं होतं, पण आता भगत येतोय एवढं त्यात घाईने लिहून ते मी त्याच्याच खिशात घातलं. नदीच्या धक्क्यावर दादाच्या आधी ते लोक वाचणार, हे धरूनच लिहिलेलं. त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ त्यांच्यासाठी आहे. त्यांनी ते वाचून हसावं, दादाची कीव करावी आणि त्याला सोडून द्यावं. एक ओळ तेवढी दादासाठी आहे, मी पाहिलं हे त्याला कळावं म्हणून. त्याने जीव धोक्यात घालून ती शिडी फिरवली आणि आम्हाला ती दिसली की नाही, हे न कळताच तो कुढत राहील, हे मला सहन झालं नाही. कदाचित हेच सहन करायला हवं होतं.

कारण बस सुटता सुटता विल्तोन चढला.

कुठून आला मी पाहिलंही नाही. कोरे बूट, पाठीला पिशवी. भगताच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसला. म्हाताऱ्याचं गाठोडं त्याने वर फळीवर ठेवलं, त्याच्या गुडघ्यांवर घोंगडी नीट घातली. मग खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. निरोप घेतात तशी. की कळलं म्हणतात तशी.

त्या लोकांना शिडी वाचता येत नाही. विल्तोनला येते.

मी हाक मारू शकले नाही. माझ्यासमोर चार कॅमेरे होते आणि मी नुकतंच जगाला सांगितलं होतं की मला शहर आवडतं. एवढ्यासाठी बस थांबवली असती तर सगळं तिथेच संपलं असतं. मी हात हलवत उभी राहिले. भगताने आपला हात छातीवरच्या खिशावर ठेवला होता. मला धीर द्यायला ठेवला असेल, पण त्याने पत्र कुठे आहे ते विल्तोनला दाखवलं.

कदाचित विल्तोन चांगला असेल. कदाचित त्याची आई खरंच तिकडे असेल आणि पेटीवरून मी जे खोटं बोलले त्याने तीही वाचली असेल. त्याने घातलेली ती घोंगडी मला राहून राहून आठवते. बूटही आठवतात. यार्लेनी विचारते, "आई, तू रागावलीस का माझ्यावर? मी बोलले म्हणून?" मी तिला म्हणते, नाही गं, बरं झालं बोललीस. ते खरं आहे. ती बोलली नसती तर अर्धी माणसं काल त्या बसमध्ये असती.

दादाला लिहिलेलं पत्र मला पाठ आहे. खाली उतरवते. त्याच्यापर्यंत ते कधी, कुणाच्या हातून, कसं पोचेल, पोचेल तेव्हा तो असेल का, मला माहीत नाही. निदान एका भावंडाने तरी ते माझ्या मनातून वाचलेलं असावं. भगत पोचल्याची काही खबर तिकडे बंदरावर आली तर कळव. वाईट असली तरी कळव. काहीच आलं नाही तर तसंही लिही. कोऱ्या कागदापेक्षा ते बरं.

तुझी,
एदेलमिरा


बोगोता,
गुरुवार, १२ मे

आर्नुबियोदादास,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत. तुझा फोटो डॉक्टरांनी दाखवला. टोपी छान दिसते. गावात छपरं झाली, फळा आला, हे पाहून बरं वाटलं, पण दादा, स्पष्ट लिहिते. आम्ही येत नाही.

उगीच रुसू नकोस. इथे दिवे आहेत, शाळा आहे, कुणी ना कुणी चार घास देतं. तिकडे येऊन पुन्हा चिखल तुडवायचा आणि पावसाकडे बघत बसायचं, हे आता कुणाला नको आहे. मुलं तर आपली भाषाही विसरत चालली. मला माहीत आहे, मी भाषणं वेगळी करत होते. भाषणं करायची असतात. तू खेड्यात राहिलास, तुला ते कळायचं नाही.

तू साधा माणूस आहेस. आमच्या येण्या-न येण्यात तुझा काही दोष नाही. तू बोलावलंस, हसून बोलावलंस, सगळ्यांनी पाहिलं. आम्हीच बिघडलो. गावात जी तरुण मंडळी मदतीला आहेत त्यांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, या बायका शहराने खाल्ल्या, आता त्यांची वाट बघण्यात अर्थ नाही.

मिसाएल भगत येतो आहे. त्याला गावातच मरायची हौस. त्याला केळी उकडून मऊ करून दे, दात राहिले नाहीत. आईच्या थडग्यावरचं गवत काढत जा. यार्लेनी मोठी झाली आहे. तिची नजर फार चांगली आहे.

आणि आईची ती शिडी आता कुणासाठी जपतोस? फोड आणि चुलीत घाल. आमच्यापैकी कुणी ती चढणार नाही.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहितात. ते मी आता कुठल्या तोंडाने लिहू? लोभ नसला तरी चालेल, दादा. तू असावास.

एदेलमिरा